नव्या बोर्डाचा पालक कोण?

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण आपणांस प्रथम होते. परंतु ज्या यंत्रांच्या आधाराने आजचा संसार चालतो त्या यंत्रांनाही इतिहास आहे. त्या इतिहासातही राज्ये उभी राहतात, सरहद्दी आखल्या जातात, वारस नेमले जातात आणि बेवारस झालेल्यांची नावे दप्तरातून कमी केली जातात. अशाच एका लहानशा, परंतु बोधप्रद इतिहासाकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे. विषय आहे बूटलोडर नावाच्या प्रोग्रामचा, आणि त्या प्रोग्रामात नव्या बोर्डाला प्रवेश देताना जी तपासणी केली जाते तिचा.

बूटलोडर म्हणजे काय, हे प्रथम पाहू. आपल्या घरातील इंटरनेटचा राउटर घ्या, किंवा कारखान्यातील एखादे नियंत्रक यंत्र घ्या. त्याच्या पोटात एक बोर्ड असतो. त्यावर प्रोसेसर, स्मृतीच्या चिपा आणि इतर अवयव बसविलेले असतात. वीज येताच प्रोसेसर जागा होतो खरा, पण त्या क्षणी त्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसते. मुख्य स्मृती, म्हणजे रॅम, अद्याप वापरण्याजोगी झालेली नसते. प्रोसेसरच्या चिपेत कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो. तो पुढचा प्रोग्राम शोधून चिपेच्या आतील इवल्याशा स्मृतीत आणून ठेवतो. ही जागा किती तोकडी असावी? ऑलविनर कंपनीच्या कित्येक चिपांत या पहिल्या पायरीसाठी अवघ्या ३२ किलोबाइटांची मर्यादा आहे. एवढ्या जागेत मावणाऱ्या प्रोग्रामने रॅम कामास लावावयाची, मग मोठा बूटलोडर तेथे उतरवावयाचा, आणि त्याने शेवटी लिनक्ससारखी कार्यप्रणाली शोधून तिच्या हाती कारभार सोपवावयाचा, असा हा क्रम आहे. आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलण्याची एक अशक्य कल्पना इंग्रजीत रूढ आहे. तिच्यावरूनच या क्रियेला बूट हे नाव पडले.

आता कोणी विचारील की, प्रोसेसर एकच असेल तर एकच बूटलोडर सर्वत्र का चालू नये? कारण असे की, चिप एक असली तरी तिच्याभोवतीचा संसार निरनिराळा असतो. एका बोर्डावर रॅम एका कंपनीची, दुसऱ्यावर दुसरीची. एकावर दिवा अमुक तारेला जोडलेला, दुसऱ्यावर त्याच तारेला जाळ्याची चिप जोडलेली. रॅमच्या वेळापत्रकातील एखादा आकडा किंचित चुकला तर यंत्र सुरू होते, चार तास व्यवस्थित चालते आणि मग कारण न कळता बंद पडते. म्हणून प्रत्येक नव्या बोर्डासाठी बूटलोडरला त्याची ओळख करून द्यावी लागते. या ओळखीला ‘बोर्ड सपोर्ट’ म्हणतात. बाहेरचा अभियंता ही ओळख लिहून पाठवितो तेव्हा त्या लिखाणाला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, असे साधे नाव आहे. ते ठिगळ मूळ वस्त्राला लावावे की न लावावे, हे ठरविणारे परीक्षक असतात. त्यांच्या कामाची जी पद्धत हळूहळू घडत गेली, तोच आजचा आपला इतिहास.

या इतिहासाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे यू-बूट हा बूटलोडर. माग्नुस डाम याने मोटोरोला कंपनीच्या एमपीसी ८एक्सएक्स या पॉवर-पीसी चिपांसाठी ‘८एक्सएक्स-रॉम’ नावाचा एक लहान प्रोग्राम लिहिला होता. म्यूनिकजवळील ग्रोबेनत्सेल येथे डेंक्स ही संस्था चालविणारे वोल्फगांग डेंक यांनी ऑक्टोबर १९९९ मध्ये तो हाती घेतला आणि सोर्सफोर्ज या सार्वजनिक भांडारात नेला. त्या भांडारात आकड्याने सुरू होणारे नाव चालत नसे, म्हणून प्रकल्पाचे नाव ‘पीपीसीबूट’ असे ठेवण्यात आले. जुलै २००० मध्ये त्याची पहिली जाहीर आवृत्ती निघाली. पुढे २००२ साली आर्म जातीच्या प्रोसेसरांसाठी ‘आर्मबूट’ ही शाखा फुटली आणि थोड्याच अवधीत पुन्हा मूळ प्रवाहात विलीन झाली. एकाहून अधिक कुळांचे प्रोसेसर एका छपराखाली आल्यावर जुने नाव अपुरे पडले, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये प्रकल्पाने ‘दास यू-बूट’ हे नवे नाव धारण केले. जर्मन भाषेत यू-बूट म्हणजे पाणबुडी. १९८१ च्या एका गाजलेल्या जर्मन पाणबुडीपटाची आठवण त्या नावात गुंफलेली आहे.

प्रारंभीच्या उद्दिष्टांत एक उद्दिष्ट स्पष्टपणे नोंदलेले होते: नवे बोर्ड जोडणे सोपे व्हावे. ते उद्दिष्ट सफळ झाले, किंबहुना अपेक्षेहून अधिक झाले. प्रकल्पाच्या परिचयपत्रात नवा बोर्ड कसा जोडावा याची एक विनोदी मार्गदर्शिका दिलेली होती. ती प्रोग्रामच्याच रूपात लिहिली होती. तिचा आशय असा की, मनुष्यबळापेक्षा पैसा अधिक असेल तर सल्लागार नेमून मोकळे व्हावे. नसेल तर आपल्या बोर्डासारखा एखादा बोर्ड शोधावा, त्याची फाइल उतरवून घ्यावी, चालेपर्यंत दुरुस्त करावी आणि तपासणीसाठी पाठवावी. टीका रास्त वाटली तर सुधारणा करावी, न वाटली तर आपल्या लिखाणाचा बचाव करावा. मार्गदर्शिका विनोदी असली तरी त्या काळचा व्यवहार तिने प्रामाणिकपणे टिपला आहे. सारखा बोर्ड शोधावा आणि नक्कल करावी, हाच खरोखर राजमार्ग होता.

शाळेत ज्यांनी वह्या तपासल्या आहेत त्यांना या राजमार्गाचा शेवट सांगावयास नको. एका मुलाने चूक केली आणि पाच जणांनी त्याची वही उतरवून घेतली की चूक सहा ठिकाणी होते. मूळ मुलाने आपली वही सुधारली तरी उरलेल्या पाच वह्या तशाच राहतात. बूटलोडरमध्येही नेमके हेच झाले. प्रत्येक बोर्डाची स्वतंत्र फाइल, प्रत्येक फाइलीत जवळजवळ तोच मजकूर, आणि प्रत्येकीत तीच जुनी चूक. एखादी सामाईक सुधारणा करावयाची झाली तर शेकडो ठिकाणी हात घालावा लागे, आणि त्या शेकडो बोर्डांपैकी बहुतेक सुधारणा करणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलेही नसत.

हे दुखणे एकट्या यू-बूटचे नव्हते. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आर्म बोर्डांच्या वाढत्या पसाऱ्याविषयी कडक शब्दांत जाहीर नापसंती व्यक्त केली. त्यावर जो उपाय सर्वत्र स्वीकारण्यात आला तो मुळात जुना होता. १९९४ च्या ओपन फर्मवेअर या मानकात यंत्राच्या अवयवांचे वर्णन एका झाडाच्या आकारात मांडण्याची रीत होती. पॉवर-पीसीच्या लिनक्सने २००५ च्या सुमारास तिचे सुटसुटीत रूप उचलले होते. ‘डिव्हाइस ट्री’ या नावाने तीच रीत आता आर्म बोर्डांनाही लागू झाली. कोणता अवयव कोणत्या पत्त्यावर आहे आणि कोणत्या तारेला जोडला आहे, हे प्रोग्रामात न लिहिता वेगळ्या वर्णनपत्रात लिहावयाचे. प्रोग्रामने ते वाचावे आणि त्याप्रमाणे वागावे. यू-बूटमध्ये २०१४ साली सायमन ग्लास यांच्या पुढाकाराने अवयवांचे चालक-प्रोग्राम एका समान शिस्तीत आणणारी रचना आली. त्याच वर्षी मासाहिरो यामादा यांच्या परिश्रमाने बोर्डांच्या निवडी नोंदविण्याची लिनक्सची ‘केकॉन्फिग’ पद्धतही आली. जुन्या फाइलींतील सर्व निवडी तिच्यात आणण्याचे काम पुढे कित्येक वर्षे पुरले. घर चालू ठेवून पाया बदलणे किती चिकाटीचे काम आहे, हे त्यावरून कळावे.

या सुधारणांनी परीक्षकाचे काम कसे पालटले ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी तो विचारी, ‘हा बोर्ड चालतो काय?’ आता तेवढ्याने भागत नाही. नवे ठिगळ हाती आले की तो अनेक गोष्टी पाहतो. हे लिखाण दुसऱ्या बोर्डाची नक्कल तर नव्हे? असेल तर दोघांत सामाईक असलेला भाग वर काढून एकत्र का ठेवला नाही? काम लहान लहान पायऱ्यांत विभागले आहे काय, आणि प्रत्येक पायरीनंतर संपूर्ण प्रोग्राम सुखरूप तयार होतो काय? हा शेवटचा आग्रह नवख्यांना जाचक वाटतो, परंतु त्यामागे विचार आहे. उद्या काही बिघडले तर बदलांची रांग मधोमध दुभंगून, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहत पाहत नेमक्या बदलापर्यंत पोहोचता येते. हजार बदल असले तरी दहाएक चाचण्यांत गुन्हेगार सापडतो. मात्र मधली एखादी पायरीच मोडकी असेल तर शोधाची साखळी तेथेच तुटते.

त्यानंतर तो सही पाहतो. २००३ साली लिनक्सच्या मालकी हक्काविषयी अमेरिकेत मोठा खटला उभा राहिला. त्या पार्श्वभूमीवर २००४ पासून लिनक्समध्ये असा नियम झाला की, बदल पाठविणाऱ्याने आपल्या नावाने सही करून हे लिखाण देण्याचा मला अधिकार आहे अशी हमी द्यावी. यू-बूटनेही ही चाल स्वीकारली. परवान्याची लांबलचक कलमे प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर छापण्याऐवजी एका ओळीची प्रमाणित खूण लिहावी, ही सुधारणा यू-बूटने २०१३ साली केली. लिनक्सने ती चार वर्षांनी उचलली. धाकट्याने थोरल्याला वाट दाखविल्याचे हे एक उदाहरण म्हणावे लागेल.

मग येतो शेजारधर्म. नव्या बोर्डाच्या सोयीसाठी सामाईक भागात चार ओळी वाढविल्या, तर त्या चार ओळींचा भार इतर शेकडो बोर्डांवर पडतो. ज्या चिपेत ३२ किलोबाइटांची मर्यादा आहे आणि त्यातले थोडेच शिल्लक आहे, तेथे या चार ओळींनी बिचारा जुना बोर्ड उघडा पडू शकतो. म्हणून स्वीकारण्यापूर्वी हजाराहून अधिक बोर्डांसाठी संपूर्ण प्रोग्राम यंत्राकडून तयार करून पाहिला जातो. परंतु प्रोग्राम तयार होणे वेगळे आणि तो प्रत्यक्ष बोर्डावर चालणे वेगळे. परीक्षकाच्या मेजावर हजार बोर्ड नसतात. तेव्हा कोठे तरी विश्वास ठेवणे भागच पडते.

विश्वासाचा प्रश्न आला की या साऱ्या तपासणीतील सर्वांत साधा आणि सर्वांत महत्त्वाचा कागद पुढे येतो. प्रत्येक बोर्डाच्या फाइलींबरोबर एक छोटी नोंद असावी लागते. तीत या बोर्डाची काळजी कोण घेणार, त्याचे नाव आणि पत्ता लिहिलेला असतो. मुलाला शाळेत घालताना प्रवेश-पुस्तकात पालकाचे नाव विचारतात, तसेच हे आहे. मूल हुशार आहे की नाही हा प्रश्न पुढचा. आजारी पडले तर निरोप कोणाकडे पाठवावयाचा, हा पहिला. सामाईक भागात बदल होईल तेव्हा आपल्या बोर्डावर तो चालवून पाहणारे आणि ‘होय, चालतो’ किंवा ‘नाही, मोडला’ असे कळविणारे माणूस असल्यावाचून बोर्डाला प्रवेश देणे म्हणजे दारात अनाथ बालक ठेवून घेण्यासारखे होय.

अशी अनाथ बालके यू-बूटच्या दारात पुष्कळ जमली. कंपनी नवा बोर्ड काढी, तिचा अभियंता तीन महिने झटून ठिगळ स्वीकारवून घेई, आणि पुढे तो दुसऱ्या कामावर वा दुसऱ्या कंपनीत जाई. नोंदीत नाव राही, निरोपाला उत्तर मात्र येत नसे. २०१२ पासून प्रकल्पाची मुख्य धुरा वाहणारे टॉम रिनी आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे कठोर निर्णयाखेरीज उपाय उरला नाही. सामाईक प्रारंभ-पद्धतीकडे न वळलेले बोर्ड २०१४-१५ च्या सुमारास काढून टाकण्यात आले. नव्या चालक-रचनेसाठीही मुदती जाहीर झाल्या आणि त्या उलटल्यावर आणखी बोर्ड गेले. २०१७ साली तर ब्लॅकफिन, एव्हीआर-३२, स्पार्क आणि ओपनरिस्क ही प्रोसेसरांची कुळेच्या कुळे यू-बूटच्या दप्तरातून वगळण्यात आली.

त्याच २०१७ च्या जून महिन्यात एक घटना घडली. तिच्यात या इतिहासाचे सार आहे असे मला वाटते. एमपीसी ८एक्सएक्स हे कूळ, ज्याच्यासाठी हा प्रकल्प जन्मास आला, ज्याच्या नावाचा आकडा भांडारात चालला नाही, ते मूळ पुरुषाचे कूळच यू-बूटमधून काढून टाकण्यात आले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातील त्या चिपांसाठी नव्या रचना लिहिणारा कोणी उरला नव्हता. जन्मदात्याची गय केली नाही, इतका हा नियम निःपक्षपाती होता. परंतु गोष्ट येथेच संपली नाही. अल्पावधीतच फ्रान्समधील एका कंपनीचा अभियंता पुढे आला. आमचा एमसीआर-३००० हा बोर्ड याच चिपेवर चालतो, तो आजही वापरात आहे आणि त्याची काळजी मी घेईन, असे त्याचे म्हणणे होते. त्याने काढलेल्या भागातील आवश्यक तेवढाच भाग पुन्हा मांडला, उरलेला अडगळीचा भाग बाहेरच राहू दिला, आणि पालक म्हणून आपले नाव घातले. त्याच जुलै महिन्यात ते कूळ आटोपशीर रूपाने परत आले. चिपेचे वय आड आले नाही, कारण पालक मिळाला होता.

या शिस्तीविरुद्ध कंपन्यांची तक्रार असते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. ते म्हणतात, आमचे यंत्र सहा महिन्यांत बाजारात जावयाचे; परीक्षकांच्या शंकांना उत्तरे देत आम्ही पाच-पाच वेळा ठिगळ सुधारून का पाठवावे? परीक्षक थोडे आहेत, त्यांतील कित्येक आपली नोकरी सांभाळून हे काम करतात, म्हणून उत्तरास विलंब होतो हे खरे आहे. मग कंपनी प्रोग्रामची एक प्रत वेगळी काढते, तीत आपल्या मनाप्रमाणे बदल करते आणि यंत्र विकून मोकळी होते. या पळवाटेची किंमत पुढे दुसराच कोणी भरतो. २०१९ साली यू-बूटच्या जाळ्यावरून फाइल आणणाऱ्या भागात संशोधकांना सुरक्षेचे १३ दोष आढळले. मुख्य प्रवाहात ते दुरुस्त झाले. पण वेगळ्या काढलेल्या आणि विसरल्या गेलेल्या प्रतींपर्यंत ती दुरुस्ती कोण नेणार? ज्या गृहस्थाने बाजारातून ते यंत्र घरी आणले त्याला त्यात बूटलोडर आहे हेही ठाऊक नसते. परीक्षकाने दारात विचारलेला जाचक प्रश्न वास्तविक या अनोळखी गृहस्थाच्या वतीने विचारलेला असतो.

परीक्षकांनीही आपल्या बाजूने ओझे हलके केले आहे. पूर्वी एकाच बोर्डाचे वर्णनपत्र लिनक्समध्ये एक आणि यू-बूटमध्ये दुसरे असे, आणि दोहोंत कालांतराने फरक पडे. २०२४ पासून लिनक्सकडे तपासली गेलेली वर्णनपत्रे जशीच्या तशी यू-बूटमध्ये घेण्याची सोय झाली. एकदा नीट तपासलेली वही दुसऱ्या शिक्षकाने पुन्हा तपासू नये, हेच शहाणपण त्यात आहे.

या कामात आपल्या लोकांचा वाटा नाही असे कोणी समजू नये. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचे केंद्र बंगळुरात १९८५ पासून आहे. बंगळूर आणि हैदराबाद येथील भारतीय अभियंत्यांची नावे यू-बूटच्या नोंदींत ठिकठिकाणी आढळतात. आपल्या बेळगावची, इंदूरची, बडोद्याची मुले अशा कंपन्यांतून नोकरीस लागतात. यंत्र चालू करून दाखविणे हे त्यांना महाविद्यालयात शिकविले जाते. आपल्या लिखाणावरची टीका सर्वांसमोर शांतपणे ऐकावी, तिला उत्तर द्यावे, आणि काम स्वीकारले गेल्यावरही त्याची विचारपूस सोडू नये, हे मात्र परीक्षेच्या अभ्यासक्रमात नसते. ते त्यांना अशा तपासणीतच शिकावयास मिळते.

वोल्फगांग डेंक ऑक्टोबर २०२२ मध्ये निवर्तले. धुरा दहा वर्षांपूर्वीच दुसऱ्याच्या खांद्यावर गेली होती, म्हणून प्रकल्पाचे काम त्यांच्या जाण्याने थांबले नाही. ठरलेल्या तिमाहीस ठरलेली आवृत्ती निघतच राहिली. वेळेवर वारस नेमण्याचे जे पथ्य त्यांनी स्वतः पाळले, तेच आज प्रत्येक नव्या बोर्डाकडून मागितले जाते. बोर्डाची फाइल कितीही सुबक असो, तिच्याशेजारच्या त्या छोट्या नोंदीत लिहिलेला माणूस निरोपाला उत्तर देतो की नाही, यावरच त्या बोर्डाचे आयुष्य ठरते.